परग्रहवासीयांना मोक्षाचा अधिकार

परग्रहावर बुद्धिमान जीव आहेत की नाहीत, याचा शोध खगोलशास्त्र घेईल. ते असतील तर पाप-पुण्य त्यांना लागू आहे का आणि त्यांचा उद्धार कोण करणार, हे प्रश्न मात्र धर्मशास्त्राचे आहेत, आणि ते दुर्बिणीहून जुने आहेत. 1995 मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी 51 पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. तेव्हापासून अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली आहे, त्यामुळे या जुन्या चर्चेला नवी निकड आली. जगे अनेक असण्याला बहुतेक धर्मांचा विरोध नव्हता आणि नाही. अडचण उद्धाराच्या कल्पनेत येते. एकाच ठिकाणी, एकाच काळी घडलेल्या घटनेवर ज्या धर्माचा सारा उद्धार उभा आहे, त्याला हा प्रश्न सर्वांत कठीण जातो.

म्हणूनच ख्रिस्ती धर्मात ही चर्चा सर्वांत लांबली आणि सर्वांत खोल गेली. ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक तत्त्वाला आपले नैसर्गिक स्थान असते. माती केंद्राकडे जाते, अग्नी वर जातो. दोन जगे मानली तर दोन केंद्रे मानावी लागतील, म्हणून जग एकच. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यानेही एकच जग मानले. पण 1277 मध्ये पॅरिसचा बिशप एतियेन ताँपिये याने 219 विधाने निषिद्ध ठरवली, आणि ईश्वर अनेक जगे निर्माण करू शकत नाही हे विधान त्यांत होते. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र ईश्वराचे हात बांधते आहे, हा त्यामागचा आक्षेप. अनेक जगे आहेत असे बिशपने म्हटले नव्हते, पण त्यांचा विचार करण्याची वाट मोकळी झाली. 1440 मध्ये निकोलस ऑफ कुसा याने सूर्यावर, चंद्रावर आणि इतर ताऱ्यांवर रहिवासी असावेत असे लिहिले, आणि पुढे 1448 मध्ये तो कार्डिनल झाला.

त्याच शतकात फ्रान्सिस्कन पंथाचा पंडित गियोम द व्होरिलाँ याने नेमक्या जागी बोट ठेवले. दुसऱ्या जगातले लोक आदमचे वंशज नसतील, तर आदमचे पाप त्यांच्याकडे कसे येणार? आणि पाप असलेच, तर येशूचे पृथ्वीवरचे मरण त्यांच्यासाठी पुरेसे आहे का? त्याच्या मते ते मरण अगणित जगांनाही पुरेल, पण येशूने दुसऱ्या जगात जाऊन पुन्हा मरावे हे उचित ठरणार नाही. अक्वायनसने मात्र ईश्वरी व्यक्ती एकाहून अधिक मानवी देह धारण करू शकते, असे तत्त्वतः मान्य केले होते. अनेक अवतारांची शक्यता मांडणारे अलीकडचे ख्रिस्ती विचारवंत त्याच्याच आधाराने बोलतात. सोळाव्या शतकात ल्यूथरचा सहकारी मेलांक्थॉन याने उलटा निष्कर्ष काढला: ख्रिस्त एकदाच मेला, म्हणून जगेही अनेक असू शकत नाहीत.

जिओर्दानो ब्रूनोचे नाव या संदर्भात हमखास येते. 1584 मध्ये त्याने अनंत विश्व आणि त्यातील अगणित वस्तीची जगे मांडली, आणि 17 फेब्रुवारी 1600 रोजी रोममधील काम्पो दे फिओरी चौकात त्याला जिवंत जाळण्यात आले. तो केवळ अनेक जगे मानल्यामुळे मारला गेला, हे सांगणे अपुरे आहे. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याचे आरोपही त्याच्यावर होते. तरीही अनेक जगांचे मत आरोपांत होते, आणि एका विचारवंताला विचारांसाठी जाळले गेले, ही गोष्ट कोणत्याही तपशिलाने सौम्य होत नाही.

पुढच्या दोन शतकांत वारे फिरले. फोंतनेलचे 1686 मधील संवादरूप पुस्तक आणि हॉयगेन्सचा 1698 मधील ग्रंथ यांमुळे ग्रहांवर वस्ती असणे सुशिक्षित युरोपीयांना स्वाभाविक वाटू लागले. देव काहीच व्यर्थ घडवत नाही, मग इतके गोल रिकामे का ठेवील, असा त्यांचा सूर होता. 1794 मध्ये थॉमस पेनने हेच हत्यार धर्मावर उलटवले. जगे असंख्य असतील, तर देवपुत्राला एका जगातून दुसऱ्या जगात मरत फिरावे लागेल. जी श्रद्धा एवढ्या विश्वात एका सफरचंदापायी एकाच ठिकाणी मरण मागते, ती बुद्धीला पटत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हा तोच पेन, ज्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा जोतीराव फुल्यांच्या विचारांवर खोल प्रभाव पडला. पेनला उत्तर देण्यासाठी स्कॉटिश धर्मोपदेशक थॉमस चाल्मर्स याने ग्लासगोत दिलेली खगोलविषयक प्रवचने 1817 मध्ये छापली गेली. दुर्बिणीने विश्व जेवढे मोठे केले, तेवढीच सूक्ष्मदर्शकाने लहानात लहान जिवाचीही काळजीपूर्वक घडण दाखवली, मग पृथ्वी लहान म्हणून देवाच्या नजरेतून का सुटावी, हा त्याचा युक्तिवाद.

या वादातला सर्वांत बुद्धिमान ग्रंथ केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख विल्यम ह्यूएल यांनी 1853 मध्ये निनावी प्रसिद्ध केला. तो अनेक वस्तीच्या जगांच्या विरोधात होता. भूशास्त्राने दाखवले आहे, असे ह्यूएल म्हणाले, की पृथ्वीच्या प्रदीर्घ इतिहासाचा बहुतेक काळ माणसाशिवाय गेला. काळाचा एवढा मोठा भाग बुद्धिमान जिवाविना गेला आणि तो व्यर्थ ठरला नाही, तर अवकाशाचा मोठा भाग रिकामा असण्यात तरी व्यर्थ काय? रिकामे गोल म्हणजे देवाची उधळपट्टी, हा प्रतिपक्षाचा आवडता मुद्दा त्यांनी एका वाक्यात मोडला. पदार्थविज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1854 मध्ये तितक्याच श्रद्धेने उलट बाजू मांडली. दोघेही निष्ठावान ख्रिस्ती होते, हे विसरता कामा नये.

विसाव्या-एकविसाव्या शतकांत कॅथलिक चर्चचा सूर खुला झाला आहे. व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी 2008 मध्ये एका मुलाखतीत परग्रहवासी हा आपला भाऊच ठरेल असे सांगितले. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टांताचा आधार घेऊन त्यांनी माणूसच ते हरवलेले मेंढरू असावे आणि इतर जीव ईश्वराच्या सख्यातच असावेत, अशी शक्यताही मांडली. 2009 मध्ये व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने जीवखगोलशास्त्रावर अभ्याससप्ताह भरवला. 2014 मध्ये पोप फ्रान्सिस प्रवचनात म्हणाले की मंगळावरचे कोणी बाप्तिस्मा मागायला आले, तर दार बंद करणारे आपण कोण? त्यांचा रोख पहिल्या ख्रिस्ती समाजाने परकीयांना आत घ्यायला केलेल्या कुरकुरीवर होता.

यहुदी परंपरेत ही अडचण तितकी तीव्र नाही. ताल्मूदमध्ये ईश्वर अठरा हजार जगांतून फिरतो असा उल्लेख आहे, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी हसदाई क्रेस्कास याने अनेक जगे शक्य आहेत असा तर्क दिला. 1797 मध्ये पिन्हास हुर्विट्झ याने परग्रहांवर जीव मानले, पण तोरा माणसालाच दिलेली असल्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य त्यांना नसावे असे म्हटले.

इस्लाममध्ये माणसाखेरीज जबाबदार, बुद्धिमान जीव पहिल्यापासून मानलेला आहे. जिन्न अग्नीपासून घडले, त्यांच्यातही श्रद्धावान आणि नाकारणारे आहेत, कुराणाचा 72 वा अध्याय त्यांच्याच नावाने आहे. 42 व्या अध्यायात आकाशांत आणि पृथ्वीवर पसरलेल्या जिवांचा उल्लेख येतो, आणि बाराव्या शतकातील फख्रुद्दीन राझी याने ईश्वर हजारो जगे निर्माण करू शकतो असे ॲरिस्टॉटलवाद्यांविरुद्ध मांडले. पेच वेगळाच आहे. सात पृथ्व्या आहेत आणि प्रत्येकीवर तुमच्या पैगंबरासारखा पैगंबर आहे, असे एक वचन पैगंबरांचे सहचर इब्न अब्बास यांच्या नावावर सांगितले जाते. मग मुहंमद पैगंबर अखेरचे कसे? हा वाद एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात चांगलाच पेटला. आपले मित्र फज्ले हक खैराबादी यांच्या आग्रहावरून मिर्झा गालिब यांनी त्यावर फारसी मसनवी लिहिली. गालिबांचे चरित्रकार हाली यांनी ‘यादगार-ए-गालिब’मध्ये सांगितल्याप्रमाणे, गालिबांनी आधी प्रत्येक जगाला स्वतंत्र पैगंबर असू शकेल असे सुचवले. मित्राला ते रुचले नाही, तेव्हा त्यांनी शेवट बदलून एकच अखेरचा पैगंबर सर्व जगांसाठी ठरवला. व्होरिलाँला जे दोन पर्याय दिसले होते, तेच दिल्लीच्या कवीपुढेही आले.

भारतीय धर्मांत जगांची संख्या हा प्रश्नच नाही. बौद्ध पाली ग्रंथांत हजार सूर्य-चंद्रांच्या लोकधातूचे वर्णन आहे, आणि त्याचे हजारपट व पुन्हा हजारपट विस्तारही सांगितले आहेत. एका लोकधातूत एका वेळी दोन बुद्ध नसतात, पण महायानात दहा दिशांना असंख्य बुद्धक्षेत्रे आहेत. जैन भूगोल याहून काटेकोर आहे. माणसांची वस्ती असलेल्या अडीच द्वीपांत पंधरा कर्मभूमी, म्हणजे मोक्षाची साधना करता येते अशा भूमी, आहेत. आपल्या भरतक्षेत्रातून या काळात मोक्ष मिळत नाही, पण महाविदेह या दुसऱ्या कर्मभूमीत सीमंधर स्वामींसह वीस तीर्थंकर आत्ता विहार करत आहेत आणि तिथून मोक्ष मिळतो, अशी श्रद्धा आहे. गुजरातेत मेहसाण्याला सीमंधर स्वामींचे मोठे तीर्थ आहे. दुसऱ्या भूमीवरच्या विद्यमान गुरूची रोज पूजा होणे, ही धर्मेतिहासातली विलक्षण गोष्ट आहे.

हिंदू परंपरेत ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हा जयघोष मराठी कानांना रोजचा आहे. योगवासिष्ठात शिळेच्या आत जग आहे, आणि ब्रह्मवैवर्त पुराणातल्या मुंग्यांच्या रांगेतली एकेक मुंगी पूर्वीचा इंद्र आहे. पण परग्रहवासीयाच्या मोक्षाचा खरा विचार कथांत नाही, ब्रह्मसूत्रांत आहे. माणसांहून वरचे जीव ब्रह्मविद्येचे अधिकारी आहेत का? पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सूत्रकार बादरायण होकार देतो, मीमांसक जैमिनीची हरकत नोंदवून ती खोडतो. शंकराचार्यांचे भाष्य सांगते की ज्याला इच्छा आहे आणि सामर्थ्य आहे तो अधिकारी. छांदोग्यात इंद्र प्रजापतीपाशी एकशे एक वर्षे ब्रह्मचर्याने राहिलाच होता. निकष देहाचा नाही, जिज्ञासेचा आहे. एवढा उदार निकष लावल्यावर लगेच पुढच्याच अधिकरणात पृथ्वीवरच्या शूद्रांना तोच अधिकार नाकारला आहे. देवलोकातल्यांना दार उघडे आणि शेजारच्या माणसाला बंद, हा अन्याय या ग्रंथाच्या कोणत्याही प्रामाणिक वाचकाला टाळता येणार नाही.

लोक म्हणजे ग्रह आणि पुराणकारांना आधुनिक खगोलशास्त्र ठाऊक होते, हे म्हणणे मात्र टिकत नाही. चौदा लोक ही कर्मफळाची ठिकाणे आहेत. एखादा जीव तिथे पुण्याने जातो, रसायनांतून उत्क्रांत होत नाही. या ग्रंथांचे मोल त्यांनी माणसाला विश्वाच्या मध्यभागी बसवले नाही, यात आहे.

श्रद्धेचे काय होईल, याची एक पाहणी 2008 मध्ये धर्मशास्त्रज्ञ टेड पीटर्स यांनी केली. तेराशेहून अधिक जणांनी उत्तरे दिली. परग्रहवासीयांचा शोध लागला तरी आपला धर्म कोसळणार नाही, असे सर्व धर्मांतल्या बहुसंख्यांना वाटत होते. धर्म कोसळेल असे भाकीत करण्याकडे निधर्मी उत्तरदात्यांचा कल अधिक होता.

पहिला शोध मात्र बुद्धिमान जिवाचा असण्यापेक्षा सूक्ष्मजीवाचा असण्याची शक्यता अधिक. ख्रिस्ती आणि इस्लामी धर्मशास्त्राला त्याने फारसा फरक पडणार नाही, कारण सूक्ष्मजीव पापही करत नाही आणि उपदेशही ऐकत नाही. जैन विचाराला पडतो. तिथे एकेंद्रिय जीवही आत्मा आहे, आणि निगोदासारखे अतिसूक्ष्म जीवही हिंसेच्या विचारातून सुटत नाहीत. 1976 मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने निघण्यापूर्वी कोरड्या उष्णतेने निर्जंतुक केली होती. पृथ्वीवरचे जंतू तिथे पोचून प्रयोग बिघडू नयेत आणि मंगळ दूषित होऊ नये, ही त्यामागची काळजी. 1967 च्या अवकाश कराराचा रोखही दूषण टाळण्यावर आहे. जैन आचारात त्याआधीचा प्रश्न येतो, तो तिथल्या जिवाला इजा होण्याचा. मंगळाची माती पृथ्वीवर आणण्याच्या योजनांत हा प्रश्न धर्मशास्त्राच्या बाजूने अद्याप फारसा कोणी मांडलेला नाही.