वगळलेले पान

तलाठ्याच्या दप्तरातला सातबाराचा जुना उतारा ज्यांनी नीट पाहिला आहे, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, तरी जुने नाव कोणी खरवडून काढीत नाही. त्याला कंस करतात, शेजारी फेरफाराचा क्रमांक घालतात. आणि तो क्रमांक धरून फेरफाराची वही उघडली की बदल केव्हा व कशाच्या आधारे झाला, ते सापडते. आजच्या विषयाचे मर्म या कंसात आहे, म्हणून आरंभीच त्याची आठवण दिली.

विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ च्या जानेवारीत इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ सालचा. केतकरांच्या ज्ञानकोशात काय यावे हे संपादक ठरवीत. येथे वाचक हाच लेखक, आणि दार सताड उघडे. उघड्या दारातून पाहुणे येतात तसा पाचोळाही येतो. कोणी शेजाऱ्याची निंदा लिहून ठेवतो, कोणी आपल्या दुकानाची जाहिरात, कोणी नुसतेच 'कखग'. हा पाचोळा काढण्यासाठी काही सदस्यांना इतर सदस्यांच्या संमतीने जादा अधिकार मिळतात. मराठीत त्यांना 'प्रचालक' म्हणतात. ते बिनपगारी असतात. इंग्रजी विकिपीडियावरील मंडळी या अधिकाराला थट्टेने फरशी पुसण्याचे फडके म्हणतात, आणि मला ती उपमा राजदंडापेक्षा पुष्कळ खरी वाटते.

आता, पान 'वगळले' म्हणजे काय झाले? सामान्य वाचकाला ते दिसेनासे होते. परंतु नष्ट होत नाही. त्याच्या साऱ्या आवृत्त्या यंत्राच्या भांडारात राहतात, प्रचालकांना त्या पाहता येतात आणि पुन्हा मांडता येतात. कोणी, केव्हा, काय कारण देऊन वगळले, याची नोंद मात्र सर्वांना खुली असते. हाच तो कंस. लेखन करणाऱ्याच्या दृष्टीने पाहाल तर त्याची चार रात्रींची मेहनत एका कळीसरशी अदृश्य होते आणि त्याच्या हाती उरते ती एवढी एक ओळ. म्हणून त्या ओळीत काय लिहिले जाते याला मोल आहे.

प्रचालकाने कळ दाबण्यापूर्वी पानाचा इतिहास पाहावा, हा पहिला पाठ. आज त्या पानावर शिव्या दिसत असतील. पण कालपर्यंत तेथे चांगला लेख असेल आणि कोणी खोडसाळाने तो पुसला असेल. अशा वेळी जुनी आवृत्ती परत आणणे हेच काम. पान वगळणे म्हणजे नासका आंबा निघाला म्हणून अढीच फेकून देणे. मग इतर कोणकोणत्या पानांवरून येथे दुवे येतात ते पाहावे. आणि कारण लिहिताना एका खोडीपासून जपावे. हे यंत्र पूर्वी पानातला मजकूरच आपल्या हाताने कारणाच्या रकान्यात भरीत असे. कोणाची बदनामी म्हणून पान काढावे, आणि तीच बदनामी कायमच्या नोंदवहीत उतरावी, असा उफराटा प्रकार त्यामुळे होई.

उघड पाचोळा तत्काळ काढतात. लेखाची योग्यताच वादाची असेल, तर इंग्रजी विकिपीडियावर साधारण सात दिवस खुली चर्चा चालते. तेथे हात मोजत नाहीत, म्हणणे तोलतात. निदान तोलावे अशी अपेक्षा असते. मराठीसारख्या ठिकाणी प्रचालक मूठभर, चर्चेला येणारे त्याहून थोडे. तेव्हा संयमाचा भार एकेकाच्या अंगावर अधिक पडतो.

घाई मोठ्यांच्याही वाट्याला येते. २००७ च्या सप्टेंबरात विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीतील 'म्झोलीज' या खाणावळीवर एका ओळीचे पान केले. अर्ध्या तासाच्या आत एका प्रचालकाने ते वगळले. ते परत आले, त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि अखेर राहिले. लिहिणारा कोण हे पाहून हात आखडला नाही, याबद्दल त्या प्रचालकाचे मी कौतुकच करीन. पण कोवळ्या रोपाला तास दोन तास उगवू द्यायला हवे होते, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डॉना स्ट्रिकलंड यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले. १९६३ नंतर हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. त्या दिवशी जगाने विकिपीडिया उघडला, तर त्यांच्या नावाचे पान नाही! २०१४ साली एक पान झाले होते. ते दुसरीकडून उचललेल्या मजकुराचे म्हणून वगळले गेले. २०१८ साली आलेला मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. पहिले वगळणे नियमाला धरूनच होते. पण 'मजकूर चोरीचा' हा निर्णय मजकुराविषयी असतो, व्यक्तीविषयी नव्हे. हा भेद कारणाच्या ओळीत स्वच्छ दिसला, तर पुढच्या लेखकाला कळते की वाट बंद नाही, फक्त आपल्या शब्दांत लिहायचे आहे. तो दिसला नाही, तर बंद दार पाहून तो परत फिरतो.

पान परत आणण्याचीही रीत आहे. आधी ज्याने वगळले त्याला विचारावे; न विचारता परत आणले, त्याने पुन्हा वगळले, असे रहाटगाडगे सुरू झाले की दोघांचेही अधिकार धोक्यात येतात. परत आणावे ते इतिहासासकट. नुसता मजकूर नव्याने चिकटवला तर मूळ लेखकांची नावे गळतात, आणि विकिपीडियाच्या परवान्याची पहिली अट श्रेय देण्याचीच आहे. कधी लेखकाला त्याचा मजकूर 'धूळपाटी'वर काढून द्यावा, म्हणजे तो सावकाश सुधारील.

मात्र सर्वच परत आणण्याजोगे नसते. जॉन साइगेन्थेलर या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर २००५ च्या मे महिन्यात कोणी लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते धादांत खोटे चार महिने तसेच राहिले. पुढे पान सुधारले, पण इतिहासात जुनी आवृत्ती शाबूत होती. ती ऑक्टोबरात झाकावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवी पाने करण्यास बंदी केली. अशा मजकुरासाठी आज आणखी एक कुलूप आहे. त्याने झाकलेली आवृत्ती प्रचालकांनाही दिसत नाही. किल्ली फार थोड्यांकडे, आणि त्यांनी काय झाकले हे त्यांच्यातल्या त्यांच्यात तपासता येते. येथे कंस पुरत नाही, शाईच लावावी लागते; आणि शाईची दौत कोणाच्या हाती द्यायची, हे काही भाषांच्या सदस्यांना आपल्यातूनच माणसे पारखून ठरवावे लागते.