संगणकीय पाठांचे समान माप

मिरज हे लोहमार्गांचे जुने जंक्शन. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे मार्ग तेथे येऊन मिळत. एका मापाच्या मार्गावरचा मालडबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. साहजिकच माल उतरवून पुन्हा भरावा लागे. त्यात वेळ जाई, हमाली पडे आणि थोडीफार नासधूसही होई. रुळांचे माप एक झाल्यावर हा खटाटोप संपला.

संगणकाच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या शिक्षणातही मापाचा असाच प्रश्न आहे. एखादे महाविद्यालय किंवा प्रशिक्षण संस्था परिश्रम व पैसा खर्चून पाठ तयार करवून घेते. त्यात मजकूर, चित्रे, ध्वनी आणि प्रश्नावली असतात. काही वर्षांनी संस्थेची अध्ययन व्यवस्थापन प्रणाली बदलते आणि जुने पाठ नव्या प्रणालीत उघडतच नाहीत. कधी पाठ उघडतो, पण विद्यार्थ्याने तो कोठवर पूर्ण केला आणि त्याला किती गुण मिळाले, याची नोंद होत नाही. ही हानी टाळावयाची असेल तर पाठ आणि प्रणाली यांच्यामध्ये ठरलेला करार हवा. अशा करारालाच अध्ययन-साहित्याचे मानक म्हणतात.

विमानोद्योगातून प्रारंभ

या मानकांची सुरुवात विमानोद्योगात झाली. वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्या प्रशिक्षणासाठी संगणकाचा वापर तेथे लवकर सुरू झाला. परंतु विमाने बनविणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांचे पाठ निरनिराळ्या यंत्रणांवर चालत आणि विमानसेवांना प्रत्येकासाठी वेगळी सामग्री बाळगावी लागे. यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये या उद्योगाने संगणकाधारित प्रशिक्षणाची एक समिती स्थापन केली. ती ‘एआयसीसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पाठ आणि प्रणाली यांच्यात माहितीची देवघेव कशी व्हावी, याचे नियम तिने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. ही समिती २०१४ मध्ये विसर्जित झाली, तरी तिने घातलेला पाया टिकून आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये ‘एडीएल’ हा दूरशिक्षणविषयक उपक्रम हाती घेतला. सैन्याच्या प्रत्येक शाखेने तोच पाठ पुन्हा पुन्हा तयार करवून घ्यावा, हे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. एडीएलने सर्वस्वी नवे मानक रचण्याऐवजी उपलब्ध मानकांची सांगड घातली. माहितीच्या देवघेवीचे नियम एआयसीसीकडून घेतले आणि पाठ बांधण्याची पद्धत ‘आयएमएस’ या संस्थेकडून घेतली. यातून ‘स्कॉर्म’ हे मानक सिद्ध झाले. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २००० मध्ये आणि सर्वाधिक रूढ झालेली १.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ दोन तपे उलटल्यावरही बहुसंख्य पाठ याच आवृत्तीत तयार होतात.

पाठसंचात काय असते?

स्कॉर्मचा पाठ ही एक झिप फाइल असते. तिच्यात पाठाची पाने, चित्रे व ध्वनिफिती असतात आणि सर्वांत वरच्या स्तरावर एक सूचिपत्र असते. एक्सएमएल या भाषेत लिहिलेल्या या सूचिपत्रात पाठाचे नाव, घटकांचा क्रम आणि प्रत्येक घटकासाठी लागणाऱ्या फाइली नमूद केलेल्या असतात. मालाच्या पेटीवर लावलेल्या यादीप्रमाणे हे सूचिपत्र असते. ते वाचूनच प्रणाली अनुक्रमणिका तयार करते.

मानकाचा दुसरा भाग संभाषणाचा आहे. विद्यार्थ्याने पाठ उघडला, की पाठ आपल्या चौकटीच्या वरच्या चौकटींमध्ये प्रणालीने ठेवलेला एक दुभाष्या शोधतो. या दुभाष्याशी कोणत्या शब्दांत बोलावे हे १.२ आवृत्तीने ठरवून दिलेले आहे. त्यासाठी अवघ्या आठ आज्ञा आहेत. संभाषण सुरू करणे, माहिती मागणे, माहिती देणे, ती जतन करविणे आणि संभाषण संपविणे या त्यांपैकी पाच होत. उरलेल्या तीन आज्ञा चूक झाल्यास तिचे कारण विचारण्यासाठी आहेत. मिळालेले गुण, घालविलेला वेळ, थांबल्याची जागा आणि पाठाची स्थिती ही माहिती या मार्गाने प्रणालीपर्यंत पोचते.

मूडल प्रणाली

या मानकाला आधार देणाऱ्या मुक्त-स्रोत प्रणालींमध्ये ‘मूडल’ ही अग्रगण्य आहे. मार्टिन डुगियामस हे तिचे जनक होत. ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशात वाढले आणि बालपणी रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत शिकले. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात एका व्यापारी अध्ययन-प्रणालीची देखभाल त्यांच्याकडे होती. त्या अनुभवातून त्यांनी स्वतःची प्रणाली रचावयास घेतली आणि ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची मूळ आज्ञावली सार्वजनिक परवान्याखाली खुली आहे. ती कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी आणि त्याच अटींवर इतरांना द्यावी, असा हा परवाना आहे.

शिक्षकाने पाठसंच मूडलमध्ये चढविला, की प्रणाली सूचिपत्र वाचून अनुक्रमणिका मांडते. पाठ किती वेळा सोडविता येईल, अनेक प्रयत्नांपैकी सर्वोच्च गुण धरावयाचे की सरासरी, हे शिक्षक ठरवितो. गुण आपोआप गुणपत्रकात जातात आणि प्रत्येक प्रयत्नाचा तपशील अहवालात पाहता येतो. जेथे इंटरनेटचा भरवसा नाही, अशा गावांच्या दृष्टीने आणखी एक सोय महत्त्वाची आहे. शिक्षकाने परवानगी ठेवली असल्यास १.२ आवृत्तीचा पाठ मूडलच्या मोबाइल ॲपवर उतरवून घेता येतो, जोडणी नसताना सोडविता येतो आणि जोडणी मिळताच नोंदी मूळ ठिकाणी जमा होतात.

काटेकोरपणा की सोय?

मानकाचे पालन वाटते तितके सरळ नाही. समजा, दूरच्या आरोग्य उपकेंद्रातील एक परिचारिका सहा प्रकरणांचा पाठ शिकत आहे. चौथ्या प्रकरणात तिला काम सोडून उठावे लागले. दुसऱ्या दिवशी पाठ तेथूनच सुरू व्हावा म्हणून पाठ आपली स्थिती प्रणालीकडे ठेव म्हणून देतो. १.२ आवृत्तीत या ठेवीची मर्यादा ४,०९६ अक्षरचिन्हांची आहे. साधा पाठ तीत सहज बसतो. परंतु प्रत्येक उत्तर आणि प्रत्येक हालचाल नोंदविणारा मोठा पाठ ही मर्यादा ओलांडतो. मग ठेव स्वीकारली जात नाही किंवा तुटते आणि परिचारिकेला पुन्हा पहिल्या प्रकरणापासून आरंभ करावा लागतो. दोष तिचा नसतो, पण पाठ पूर्ण केल्याचा दाखला मात्र तिचाच अडतो.

मूडलमध्ये यावर एक तोड ठेवलेली आहे. प्रणालीचा व्यवस्थापक मानकाच्या काटेकोर पालनाची अट शिथिल करू शकतो. मग मर्यादेपेक्षा मोठी ठेवही साठविली जाते. त्या दिवसापुरती अडचण दूर होते, हे खरे. परंतु या सवलतीवर विसंबून तयार केलेला पाठ उद्या नियमाने चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत नेला, तर तेथे तो अडखळेल. म्हणजे ज्या स्थलांतरासाठी मानकाचा स्वीकार केला, तेच कठीण होऊन बसेल. सवलत ही जुन्या पाठांना तारण्यासाठी वापरावी. नवे पाठ मात्र मर्यादेतच बसवावेत, हे श्रेयस्कर होय.

दुसरी उणीव पाठाच्या स्थितीविषयीची आहे. १.२ आवृत्तीत ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ या साऱ्या स्थिती एकाच रकान्यात लिहाव्या लागतात. त्यामुळे ‘अनुत्तीर्ण’ अशी नोंद झाली, की विद्यार्थ्याने पाठ शेवटपर्यंत वाचला होता की नाही, हे कळत नाही. २००४ च्या आवृत्तीने पूर्णता आणि यश यांसाठी दोन वेगळे रकाने दिले, तसेच घटकांचा क्रम विद्यार्थ्याच्या प्रगतीनुसार बदलण्याचे सविस्तर नियमही घातले. हे नियम मात्र इतके गुंतागुंतीचे आहेत, की ते अमलात आणणे प्रणालीकारांना जड गेले. मूडलमध्येही १.२ आवृत्तीचे पालन आहे. २००४ च्या आवृत्तीचे पूर्ण पालन नाही. पाठ तयार करवून घेताना ही गोष्ट ठाऊक नसेल, तर संस्थेची फसगत होते.

मानकाबाहेरील धोके

पेटीचे माप बरोबर असले तरी आतील माल टिकाऊ असतोच असे नाही. ‘फ्लॅश’ या तंत्राने केलेले असंख्य हलते पाठ स्कॉर्मच्या संचांत बांधलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि हे पाठ ब्राउझरमध्ये दिसेनासे झाले. सूचिपत्र निर्दोष होते, संभाषणाचे नियमही पाळलेले होते. परंतु आतील चित्रच उमटेना. ज्यांच्यापाशी मूळ चित्रे आणि संहिता होत्या, त्यांना पाठ नव्याने बांधता आले. ज्यांच्यापाशी केवळ तयार संच होता, त्यांचे पाठ गेले.

मराठीपुरता असाच एक धोका लिपीचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. तथापि पुष्कळ मजकूर विशिष्ट फॉन्टांच्या खासगी सांकेतिक पद्धतीत टंकलिखित झाला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशा मजकुराची निरर्थक चिन्हे दिसतात आणि त्यात शब्दाचा शोधही घेता येत नाही. मराठी पाठ टिकावयाचा असेल, तर युनिकोडचा आग्रह स्कॉर्मइतकाच अगत्याचा आहे.

पुढील पावले

स्कॉर्मनंतर आणखी मानके पुढे आली. ‘कॉमन कार्ट्रिज’मुळे संपूर्ण अभ्यासक्रम एका प्रणालीतून दुसरीत नेता येतो. ‘एलटीआय’मुळे बाहेरचे साधन प्रणालीला जोडता येते. २०१३ मध्ये आलेल्या ‘एक्सएपीआय’मुळे ब्राउझरबाहेर घडणाऱ्या शिक्षणाच्याही नोंदी ठेवता येतात. ‘एच५पी’ या मुक्त-स्रोत साधनाने तर शिक्षकाला स्वतःच प्रश्नावली आणि संवादी चलच्चित्रे रचता येतात. ही सोय २०१९ पासून मूडलच्या गाभ्यातच समाविष्ट झाली आहे.

महाराष्ट्रातही या साधनांचा परिचय नवा नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील अभ्यासक्रमांसाठी मूडल वापरले जाते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर संकेत विद्यार्थ्याला ‘दीक्षा’ या मंचावर नेतात. २०१७ मध्ये सुरू झालेला हा मंचही मुक्त-स्रोत आज्ञावलीवर उभा आहे. पाठांची संख्या वाढत जाईल, तसतसे ते जपण्याचे दायित्वही वाढणार आहे.

म्हणून पाठ तयार करवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. मानकाचे नाव आणि आवृत्ती करारातच लिहावी. तयार संचाबरोबर संहिता, चित्रे व ध्वनी यांच्या मूळ फाइली ताब्यात घ्याव्यात. देयक चुकते करण्यापूर्वी पाठ निदान दोन भिन्न प्रणालींत चालवून पाहावा आणि मध्येच थांबून, पुन्हा उघडून नोंदी टिकतात की नाही हे तपासावे. मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि पाठाची भाषा मराठी असल्याचे सूचिपत्रात नमूद असावे. पाठात फेरफार करण्याचा व तो इतरांना देण्याचा हक्क संस्थेकडे राहावा.

मूडलसारख्या प्रणालीची आज्ञावली खुली असल्याने मानक कोठे पाळले आहे आणि कोठे शिथिल केले आहे, हे कोणालाही पाहता येते. पण पाहण्याचे काम संस्थेलाच करावे लागते. हे काम वेळेवर झाले, तर एका शिक्षकाने एकदा घेतलेले श्रम पुढच्या अनेक तुकड्यांच्या उपयोगी पडतील आणि उपकेंद्रातील त्या परिचारिकेचा पाठ जेथे थांबला होता, तेथूनच पुढे सुरू होईल.