प्रतीक्षायादी गेली, हप्ता आला

दसऱ्याच्या सकाळी म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील कोणत्याही मोटारविक्रेत्याच्या दालनासमोर घटकाभर उभे राहावे. झेंडूच्या माळा घातलेल्या नव्या गाड्या ओळीने उभ्या असतात, चाकांखाली लिंबे ठेवलेली असतात, घरातील वडीलधारी स्त्री गाडीला कुंकू लावते आणि आयुष्यात प्रथमच मोटारीचा मालक झालेला गृहस्थ काहीसा अवघडून किल्ली हातात घेतो. हे दृश्य पाहून कोणासही आनंदच व्हावा. ज्या प्रदेशात सायंकाळनंतर आडगावी जाणारी बस मिळेलच अशी शाश्वती नाही आणि जूनच्या धारांत नवरा, बायको व शाळकरी मूल अशा तिघांना एकाच स्कूटरवरून घर गाठावे लागते, तेथे मोटारीला चैन म्हणून नाक मुरडणे सुखवस्तूंनाच परवडते. आमचा आक्षेप मोटारीस नाही. किल्लीबरोबर जो कागदांचा गठ्ठा घरी येतो आणि ज्याकडे त्या दिवशी कोणीच पाहत नाही, त्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

एके काळी ह्या देशात मोटार हवी असेल तर पैशांइतकाच धीर लागत असे. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरण्यासाठी झुंबड उडाली आणि त्यानंतरही पुष्कळांच्या वाट्यास प्रतीक्षाच आली. ती व्यवस्था न्याय्य नव्हती. तिच्यात वशिला होता, काळाबाजार होता, आणि ती गेली ह्याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु नकळत तिने एक उपकार केला होता. गाडी येईपर्यंतच्या काळात मध्यमवर्गीय माणूस मुलीचे लग्न उरकी, घराचे देणे फेडी आणि थोडी शिल्लक बाजूस टाकी. आज प्रतीक्षायादी जवळजवळ नामशेष झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्याने किमतीही उतरल्या. कर्ज तर दालनातील टेबलावरच मंजूर होते. मध्ये थांबावयास लावणारे कोणीच राहिले नाही.

आकड्यांकडे वळू. दहा लाख रुपयांचे कर्ज, व्याज द. सा. द. शे. ९, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १६,१०० रुपये पडतो. विक्रेता एवढाच आकडा सांगतो, आणि तो ऐकावयास बरा वाटतो. सात वर्षांत व्याजापोटी साडेतीन लाख रुपये जातात, हे तो सांगत नाही. तेच कर्ज चार वर्षांत फेडल्यास व्याज दोन लाखांच्या आत राहते. मात्र हप्ता पंचवीस हजारांच्या घरात जातो. हा हप्ता झेपत नसेल, तर मुदत वाढवण्यापेक्षा गाडी लहान घेणे किंवा वर्षभर थांबणे श्रेयस्कर, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्यांच्या कर्जात तर ‘सपाट’ व्याजदर नावाचा एक सापळा असतो. ह्यात मुद्दल फिटत गेले तरी व्याज मात्र मूळ रकमेवरच मोजले जाते. अशा ९ टक्क्यांनी दहा लाखांवर सात वर्षांचे व्याज सहा लाख तीस हजार होते! १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाचा वार्षिक खर्च सर्व आकारांसह एका पत्रकात देणे बंधनकारक केले आहे. ते पत्रक मागून घ्यावे आणि घरी नेऊन वाचावे. दालनात सनई वाजत असताना वाचू नये.

आणखी एक गोष्ट. विम्याच्या हिशेबात गाडीचे मोल तीन वर्षे उलटताच मूळ किमतीच्या ६० टक्क्यांवर येते. दहा लाखांची गाडी संपूर्ण कर्जावर सात वर्षांच्या मुदतीने घेतली असेल, तर तीन वर्षांनंतर देणे उरते सुमारे ६ लाख ४६ हजार. त्यानंतर ती चोरीस गेली, तर विमा कंपनी देणार फार तर सहा लाख. म्हणजे दारात गाडी नाही आणि डोक्यावर सेहेचाळीस हजार शिल्लक. पदरचे दोन-अडीच लाख आरंभी भरणाऱ्यावर हा प्रसंग येत नाही.

हे पदरचे दोन-अडीच लाख आणावयाचे कोठून, हा खरा प्रश्न आहे. आणि येथेच जुन्या कर्जांची गाठ पडते. आपल्याकडील नोकरदार घरात नव्या मोटारीआधीच तीन-चार देणी असतात. क्रेडिट कार्डाचे थकलेले साठ हजार, पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज, चवथीला किंवा आजारपणात गहाण पडलेले सोने, आणि घराचे दीर्घ मुदतीचे कर्ज. कार्डावर महिना साडेतीन टक्के धरले तर साठ हजारांवर दरमहा २,१०० रुपये नुसते व्याज जाते; तेवढ्याच रकमेवर मोटारकर्जाचे व्याज ४५० रुपये होते. म्हणून कार्ड आधी, पतसंस्था नंतर, हे अंकगणित सांगते. सोन्याचा क्रम मात्र अंकगणिताने लावू नये. त्याचे व्याज वैयक्तिक कर्जाहून बहुधा कमी असते हे खरे, परंतु मुदत टळली की लिलाव होतो, आणि लिलावात जाते ती आईने दिलेली पाटली. ती सोडवून आणल्याशिवाय दारात नवी गाडी उभी करणे हे कोणत्याही गृहिणीच्या मनास टोचल्यावाचून राहणार नाही, मग ती बोलो वा न बोलो. घराचे कर्ज स्वस्त आणि लांबचे. ते फिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मित्रासाठी पतसंस्थेत जामीन राहिला असाल तर तेही कर्ज आपल्याच खात्यात धरावे. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच ठरते. सही करताना चहा पाजला जातो, एवढाच काय तो फरक!

जुनी देणी फिटली की लगेच दालनाकडे धाव घेऊ नये. जो हप्ता पुढे द्यावयाचा आहे तो, अधिक पेट्रोल, विमा व दुरुस्तीचे पाच हजार, असे एकवीस हजार रुपये वर्षभर दरमहा आवर्ती ठेवीत भरून पाहावेत. गाडी आली आहे असे समजूनच भरावेत. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दररोज दोन आण्यांची पिग्मी ठेव सुरू केली, तिचे मर्म हेच होते. पिग्मीवाला आपल्या बाजारपेठांतून आजही फिरतो. वर्षअखेर व्याज सोडूनही अडीच लाख जमतात, म्हणजे आरंभी भरावयाची रक्कम हातात येते. आणि जून महिन्यात शाळेच्या शुल्काने किंवा चवथीच्या खर्चाने हा भरणा दोनदा चुकला, तर बँकेचा हप्ताही चुकला असता, हे कोणाच्याही नोटिशीवाचून कळते.

हप्ता थांबत नाही, हे गोव्याला कोणी शिकवावयास नको. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांत ट्रक दारांतच उभे राहिले. खनिज थांबले, खेपा थांबल्या. बँकेचे व्याज चालूच राहिले. शेवटी सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले, तेव्हा हीच पाळी पुन्हा आली. ते ट्रक तरी कमावते होते आणि कर्ज घेताना मालकांचा हिशेब चुकीचा नव्हता. घरची मोटार तर एक पैसाही कमावत नाही. तिचा हप्ता पगारातून जातो, आणि पगार देणारे हॉटेल किंवा कारखाना कायमचा चालेल असे कोणी लिहून देत नाही. चार-सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याखेरीज सही करू नये, हे आम्ही ह्या अनुभवावरून म्हणतो.

कर्ज लवकर फेडण्याची इच्छा असणाऱ्यांनी करार आधी पाहावा. बदलत्या दराच्या वैयक्तिक मुदतकर्जांवर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना मनाई केली. मोटारीची कर्जे मात्र पुष्कळदा स्थिर दराची असतात आणि त्यांवर हा दंड लागू शकतो. शेवटचा हप्ता भरल्यावरही एक काम उरते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन वाहतूक कार्यालयात जावे व नोंदणीपत्रावरील बँकेचे नाव कमी करून घ्यावे. हे राहून गेले तर गाडी विकताना, किंवा मालकाच्या पश्चात ती पत्नीच्या नावावर करताना, दहा वर्षांपूर्वीचे ते पत्र शोधीत घरची माणसे कपाटे उपसत बसतात.