सातचा पहारेकरी

दिवाळी जवळ आली की सावेडीत पाइपलाइन रोडला कुरिअरवाल्याकडे खोक्यांची रांग लागते. कुणाचा दादा कॅलिफोर्नियात, कुणाची मावशी दुबईत. आईनं केलेला फराळ तिकडे पोचायलाच हवा! खोकं आधी ट्रकनं मुंबईला जातं. तिथे बऱ्याच जणांची खोकी एकत्र बांधतात आणि त्या सगळ्या मालाला मिळून एक एअर वेबिल निघतं, म्हणजे मालाचं विमानाचं तिकीटच म्हणा ना.

पूर्वी हे तिकीट कागदी असायचं आणि त्याच्या जोडीला आणखी कागद. एका मालामागे कधीकधी ३० कागद! विमान कंपन्यांची जागतिक संघटना, 'आयाटा', हिनं हिशेब मांडला, की हा वर्षभराचा कागद भरायला ८० जंबो मालवाहू विमानं लागतील. चकल्या राहिल्या बाजूला, विमानं कागदच वाहतायत! १९९९च्या मॉन्ट्रियल करारानं संगणकातल्या नोंदीलाही मान्यता दिली आणि १ जानेवारी २०१९पासून, जिथे कायदा आड येत नाही तिथे, कागदाविना तिकीट हीच रीत ठरली.

आता सगळी भिस्त या तिकिटाच्या ११ अंकी नंबरावर. कुणी टाइप करताना एक अंक चुकवला तर? फराळ भलत्याच गावी! पण या नंबरातच एक पहारेकरी बसवलेला आहे. वही-पेन्सिल घ्या.

पहिले तीन अंक विमान कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. पुढचे सात मालाचे. समजा ते आहेत १२३४५६७. त्यांना ७ने भागा. बाकी किती उरली? ५. हा ५ म्हणजेच अकरावा अंक, आपला पहारेकरी! पूर्ण नंबर झाला ०९८-१२३४५६७५.

आता घाईत कुणी शेवटच्या ६७चे ७६ केले. १२३४५७६ला ७ने भागलं तर बाकी शून्य, आणि पहारेकरी तर ५ सांगतोय. संगणक लगेच म्हणतो, नंबर चुकला! एवढ्या मोठ्या कारभाराची राखण तिसरी-चौथीतला भागाकार करतो, हे मला तरी फार आवडतं. आणि हो, अकरावा अंक ७, ८ किंवा ९ कधीच नसतो. का, ते तुमचं तुम्ही शोधा.

पण हा पहारेकरी थोडा डुलक्याही घेतो बरं! १२३४५१८ आणि १२३४५८१, दोन्ही भागून बघा. बाकी दोन्हीकडे ५च. १ आणि ८नं जागा बदलली, तरी याला पत्ता नाही! असंच त्याला चकवणाऱ्या शेजारी अंकांच्या आणखी दोन जोड्या आहेत. सापडतात का बघा.