वाऱ्यावर पिकणारा समुद्र

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईवर धुळीची चादर पसरली. उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला आणि घरोघरी खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. ही धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आली होती. आपल्या दारात पडली ती आपण झाडून काढली. पण अशी धूळ समुद्रात पडते तेव्हा काय होते?

समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवके म्हणतात. गुरांना गवत, तशी सागरी जीवांना ही प्लवके. त्यांना बारीक जीव खातात, बारीक जीवांना मासे. आपली तारली तर प्लवके थेटही खाते. जगात वनस्पती जो प्राणवायू तयार करतात, त्यातील सुमारे निम्मा समुद्रातील प्लवकांचा.

माणसाच्या रक्तात लोह कमी झाले की पोटभर जेवूनही थकवा जात नाही. काही समुद्रांचेही तसेच आहे. नायट्रेटसारखे खत भरपूर, पण लोह नाही, म्हणून प्लवके वाढत नाहीत, असे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी मांडले. किनाऱ्यापासून दूर हे लोह बरेचसे वाऱ्यावरच्या धुळीतून येते. १९९३ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सुमारे ६४ चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळले, तेव्हा प्लवके खरोखर वाढली. मार्टिन मात्र त्याआधी काही महिने वारले होते.

अरबी समुद्रात वारा दोन कामे करतो. तो वाळवंटातून धूळ आणतो आणि पाणीही ढवळतो. पावसाळी वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्याचे वरचे पाणी दूर लोटतात. खालचे थंड, पोषक पाणी वर येते. हिवाळ्यात जमिनीवरून येणारे थंड, कोरडे वारे उत्तरेकडील पाणी गार करतात. गार पाणी जड होऊन खाली जाते आणि खालचे खत वर मिसळते.

म्हणजे धूळ वाढली की मासळी वाढेल का? नाही. पाण्यात नायट्रेटच नसेल तर नुसते लोह काय करणार? शिवाय कोणती प्लवके वाढतात हेही महत्त्वाचे. हिवाळी वारे पुरेसे थंड नसले तर पाणी नीट ढवळत नाही. गेल्या दोन दशकांत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाचा हिरवा जीव फार माजतो आहे. शास्त्रज्ञ त्याचा संबंध या बदलाशी जोडतात. तो बहुतेक माशांच्या उपयोगाचा नाही. जेलीफिशसारखे जीव मात्र त्यावर पोसतात.

हवामान बदलते आहे म्हणजे केवळ ऊन वाढते आहे असे नव्हे. वाऱ्याचे वेळापत्रक बिघडले, तर त्याची झळ कोकणातल्या मच्छीमार घरांपर्यंत आणि आपल्या दस्तरखानापर्यंत पोहोचू शकते.