ककल्ड
किरण नगरकर (१९४२–२०१९) या मराठी-इंग्रजी लेखकाची इंग्रजी कादंबरी (१९९७). शीर्षकाचा अर्थ व्यभिचारिणीचा पती. सोळाव्या शतकात मेवाडच्या राजघराण्यात सून म्हणून आलेली मीराबाई आपण आधीच दुसऱ्यास वरले असल्याचे पतीस सांगते. तो दुसरा म्हणजे श्रीकृष्ण होय. लोकपरंपरेने जवळजवळ विसरलेला हा पती, राणा संगाचा युवराज, येथे नायक व बव्हंशी निवेदक आहे. देवाचा मत्सर करण्याची नामुष्की त्याच्या वाट्यास येते. पत्नीच्या सहवासासाठी तो अंगास निळा रंगही फासतो. भावांची गादीसाठीची कारस्थाने आणि बाबराच्या तोफांचे सावट यांमुळे कथानक अधिकच काळवंडते. नगरकरांनी भाषा हेतुतः आजची ठेवली आहे; ती प्रथम खटकते, परंतु युवराजाची तडफड तिच्यामुळेच जवळची वाटते. कादंबरीस २००० चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला.