दोन केंद्रांच्या मधल्या मळ्यावर ऊन किती?



ठिबकवर पाणी किती वेळ सोडावं, हे पिकावर पडणाऱ्या उन्हावर पुष्कळ अवलंबून आहे. पण ऊन मोजणारं यंत्र प्रत्येक मळ्यात कुठून असणार? नोंदी होतात हवामान केंद्रावर, आणि आपला मळा असतो दोन केंद्रांच्या मधे. मग अंदाज बांधायचा कसा?

समजा, एक केंद्र १० किलोमीटरवर आहे. तिथे दिवसभरात दर चौरस मीटरला २२ मेगाज्यूल ऊन पडलं. दुसरं २० किलोमीटरवर, तिथे १६. सोपी रीत म्हणजे जवळच्या केंद्राचा आकडा उचलायचा: २२. दुसरी रीत सरासरीची: १९. तिसरीत जवळच्याला वजन जास्त. अंतर दुप्पट, तर वजन चौथाई. म्हणजे पहिल्याचे चार भाग, दुसऱ्याचा एक. बावीस चोक ८८, त्यात १६ मिळवा, ५ ने भागा; उत्तर २०.८.

तीन मेगाज्यूलनं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी उडायला सुमारे २.४५ मेगाज्यूल लागतात. उन्हातली निम्मीच ऊर्जा त्या कामी आली असं धरलं, तरी १९ आणि २२ यांत, पिकानं पूर्ण झाकलेल्या एकरामागे, रोज जवळजवळ अडीच हजार लिटरचा फरक पडतो. पावसानं ओढ दिलेली असताना पारनेर-पाथर्डीकडच्या माणसाला हे पाणी म्हणजे काय, ते सांगायला नको.

खरी गोम पुढे आहे. अंतराच्या हिशेबाला डोंगर दिसत नाही. श्रावणात घाटघर-भंडारदऱ्याला दिवसभर ढग, आणि पूर्वेकडे संगमनेरच्या बाजूला स्वच्छ ऊन, हे आपण दरवर्षी बघतो. अशा वेळी घाटमाथ्याचा आकडा पठारावरच्या हिशेबात मिसळला की तो बिघडलाच. यासाठी 'क्रिगिंग' नावाची चौथी रीत आहे. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१ च्या सुमारास सोन्याच्या खाणींसाठी तिचा पाया घातला! अंतर वाढेल तसा आकड्यांतला सारखेपणा किती घटतो, हे ती आधी तपासते. उंचीही हिशेबात घेता येते. पण तिला केंद्रं पुष्कळ लागतात आणि काम संगणकाचं. चार केंद्रांवर तिचा फार उपयोग नाही.

हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की सगळ्या रीती जवळपास सारखंच उत्तर देतात. तेव्हा जवळचं केंद्र पुरे. पावसाळ्यात मात्र डोंगराच्या आपल्याच बाजूची केंद्रं धरा. आणि कोणती रीत बरी, हे ठरवायचं असेल तर एका केंद्राचा आकडा झाकून ठेवा, बाकीच्यांवरून तो काढा, मग झाकलेला उघडून ताडून पाहा. आठ-दहा दिवस असं केलंत की कुठली रीत कमी चुकते, ते वहीतच दिसेल.